थिबा राजवाडा आणि राजकन्यांचा प्रश्न

रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा बौद्ध राजा राहिला, याचा आपल्या तरुणांना अभिमान वाटतो. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबाचे राज्य हिरावले; १९१६ मध्ये तो इथेच वारला. पण त्याच्या चार मुलींचे काय झाले, हे आम्ही विचारतो.

राजा बौद्ध, पण घराण्याची रीत शुद्ध रक्ताची. राणी सुपयालत ही थिबाची सावत्र बहीणच. परमुलखात अशा घराला तोलामोलाचे स्थळ कुठून मिळणार? थोरल्या राजकन्येचे पदरच्या नोकरावर, विवाहित गोपाळ सावंतांवर, मन जडले. त्यांची मुलगी टुटू रत्नागिरीतच गरिबीत जगली. वाडा जपला गेला, राजाची नात विसरली गेली.

थिबा वारला त्याच वर्षी, ९ मे रोजी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला: आपल्यातच लग्न करण्याचा नियम हाच जातीचा प्राण, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तो टिकवण्याची साधने. म्हणजे रक्ताच्या शुद्धतेची किंमत बाईच मोजते, मग ती झोपडीतली असो वा राजवाड्यातली.

आज वंदना म्हणणाऱ्या आपल्याच घरांत स्थळ पाहताना पोटजात विचारली जाते. मग आपण थिबाच्या दरबारापेक्षा वेगळे कसे?

जय भीम!