सेफ-समूह : उभारणीपद्धतीची निवड

अनेक सर्व्हरांच्या डिस्का एकत्र बांधून एकसंध साठवण देणाऱ्या ‘सेफ’ या मुक्तस्रोत प्रणालीचा समूह कोणत्या साधनाने उभारावा, याचा विचार. सेज वाइल यांच्या कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील संशोधनातून सेफ घडली. तिच्यावरचा शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये रेड हॅटने तिच्यामागची इंकटँक ही कंपनी विकत घेतली.

सेफ-डिप्लॉय हे जुने साधन आता कोणी सांभाळत नाही. सेफ-अन्सिबलवर जुने समूह अजून चालतात, पण नवी उभारणी त्यावर करू नये. आज खरी निवड दोन साधनांतच आहे. २०२० च्या ऑक्टोपस आवृत्तीबरोबर आलेल्या सेफएडीएममध्ये पहिल्या सर्व्हरवर बूटस्ट्रॅपची एक आज्ञा दिली की एक मॉनिटर (समूहाच्या स्थितीचा निर्णय बहुमताने घेणारा घटक) आणि एक मॅनेजर कंटेनरमध्ये सुरू होतात. बाकीचे सर्व्हर एसएसएचने जोडायचे. त्याआधी सर्व सर्व्हरांची घड्याळे जुळवलेली हवीत, डिस्का कोऱ्या हव्यात. मॉनिटरांच्या घड्याळांत थोडा फरक पडला तरी समूह इशारे देऊ लागतो. दुसरे साधन रूक. ते कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीच्या आत सेफ चालवते. कुबरनेटीस आधीपासून रोजच्या वापरात असेल तिथे ते उत्तम. केवळ साठवणीसाठी कुबरनेटीस आणणे म्हणजे बिघाडाच्या रात्री दोन प्रणाली उलगडत बसणे. बेळगाव–निपाणी पट्ट्यातल्या ज्या महाविद्यालयात किंवा सहकारी संस्थेत सर्व्हर सांभाळायला एकच माणूस आहे, तिथे सेफएडीएमच घ्यावे.

समूह दोन गावांत पसरवायचा असेल, तर साधनाआधी मॉनिटरांची मांडणी ठरते. बेळगावात दोन आणि निपाणीत दोन मॉनिटर ठेवले आणि मधली फायबर तुटली, तर चारांत बहुमत कोणाकडेच उरत नाही आणि दोन्हीकडचे काम थांबते. म्हणून पाचवा, निर्णायक मॉनिटर तिसऱ्या जागी हवा. कोल्हापूर त्यासाठी सोयीचे, मात्र तिथून दोन्ही गावांना जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या असाव्यात. त्या मॉनिटरजवळ विदा साठवावी लागत नाही. या ‘स्ट्रेच’ रचनेत प्रत्येक गावी दोन अशा चार प्रती राहतात, म्हणजे डिस्कांचा खर्चही तितका वाढतो. तो झेपत नसेल तर बेळगाव आणि निपाणीत स्वतंत्र समूह ठेवून आभासी डिस्कांच्या प्रती सेफच्या आरबीडी मिररिंगने निपाणीला पाठवाव्यात. या प्रती थोड्या मागे राहतात. बेळगावची जागा अचानक बंद पडली, तर शेवटचे काही बदल निपाणीत पोहोचलेले नसतात.