प्लेगनंतरच्या सरळ रेघा

कर्नल लॉफ्टन यांच्या मोजणीतले १८७२ पर्यंतच्या मुंबईचे नकाशे पाहायचे तर भिंग हवे आणि सबुरीही हवी. चाळीस फुटांना एक इंच हे त्यांचे प्रमाण, त्यामुळे एकेक घर वेगळे दिसते. मांडवीत घराला घर चिकटलेले, मध्ये घरगल्लीची बारीक फट. प्रिन्सेस डॉक त्यात नाही, ती गोदी १८८० सालची. ती झाली आणि धान्याची आवक वाढली. त्या धान्याची वखार म्हणजे मांडवी. खाली गोण्या, वर बिऱ्हाडे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो इथेच. वखारींतून उंदीर मरून पडत होते, ते रहिवाशांनी पाहिले होते. सरकारी डॉक्टरांचे लक्ष मात्र घाणीवर आणि कोंदट हवेवर. गटारे धुतली, घरांत कार्बॉलिक फवारले, उजेड यावा म्हणून कौले उतरवली. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत ७,७६,००६ भरली. त्या तुटीत मेलेले आहेत, तसे गावाकडे पळालेलेही.

१८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदराच्या अंगावरची पिसू रोग नेते, हे प्रयोगाने दाखवले. त्याचे म्हणणे मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर ट्रस्टच्या रेघा ओढून झाल्या होत्या. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, तशाच हेतूने गिरगाव चौपाटीकडून डोंगरीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड. वाऱ्यासाठी रस्ते, आणि रोग गोण्यांमधल्या उंदरांचा!

दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतींमुळे मीही बरीच वर्षे ट्रस्टचा चाहता होतो. हिंदू कॉलनीतून, पारशी कॉलनीतून चालताना कुणालाही तसे वाटेल. पण गोदीत पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालाला माटुंगा काय कामाचा? पहाटे कामावर उभे राहायचे तर राहणे गोदीजवळच हवे. ट्रस्टने घरे पाडली आधी, चाळी बांधल्या मागाहून, त्याही पुरेशा नव्हेत. उठवलेले लोक शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहिले. म्हणजे गर्दी हटली नाही, सरकली.

हे अहवालांतून कळायला मला फार वेळ लागला. नकाशाने ते एका दुपारी दाखवले. लॉफ्टनच्या नकाशाच्या प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवला, नंतरच्या नकाशातला रस्ता त्या मापात आणून पेन्सिलीने उतरवला. रेघ सरळ गेली. तिच्याखाली घरे होती, घरगल्ल्या होत्या, ओट्यांचे लहान चौकोनही होते. कडेच्या घरांपाशी थांबलो. काहींचा पुढचा अर्धा भाग रेघेत गेला होता.