अंमल

पेशव्यांचा अंमल, पोलीस अंमलदार, कायद्याची अंमलबजावणी आणि अंमली पदार्थ. मूळ अरबी 'अमल' म्हणजे नुसतं काम, कृती. मराठीत त्याची सत्ता झाली आणि नशाही. राजस्थान-गुजरातेत तर 'अमल' म्हणजे थेट अफूच.

अफूचा प्रवास त्याहून लांबचा. ग्रीक 'ओपोस' म्हणजे रस. बोंडाला चिरा दिल्यावर पाझरतो तो चीक झाला 'ओपिऑन', अरबीत 'अफ्यून'. संस्कृतात त्याचं 'अहिफेन' झालं, म्हणजे सापाचा फेस! परक्या शब्दाला शिवलेलं हे अंगडं माझ्या मते बेतलंय मात्र झकास.

एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर खिन्नतेवर अफू चढत्या मात्रेनं देत आणि मग हळूहळू उतरवत. अफूतलं मुख्य द्रव्य वेगळं काढणाऱ्या सेर्ट्युर्नरनं त्याला स्वप्नांच्या देवाचं, मॉर्फिअसचं, नाव दिलं. पुढे मेंदूत हे द्रव्य जिथं चिकटतं त्या ग्राहींना नावं द्यायची वेळ आली, तेव्हा मॉर्फिनच्या 'म'वरून एकाला 'म्यू' म्हटलं. दुसरा 'काप्पा', तोही केटोसायक्लाझोसिन नावाच्या रसायनाच्या आद्याक्षरावरून. मेंदूत स्वतःची अफू तयार होते हे कळल्यावर तिलाही 'एंडॉर्फिन', म्हणजे आतलं मॉर्फिन, म्हणण्यात आलं. घरच्या माणसाची ओळख पाहुण्याच्या नावानं करून द्यावी, यातली गंमत कुणाला खटकलेली दिसत नाही.

म्यू जागा झाला की वेदना शमते, बरं वाटतं. काप्पा जागा झाला की जीव नकोसा होतो. ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध काप्पाला अडवतं आणि म्यूवर बेताचाच परिणाम करतं. पाठ्यपुस्तकं याला 'आंशिक' काहीतरी म्हणतील. 'अर्धा अंमल' म्हणायला काय हरकत आहे? त्याच्या जोडीला म्यूला रोखणारं सॅमिडॉर्फन घालून नैराश्यावर एक गोळी बनवली होती. नैराश्य उतरावं, पण चटक लागू नये, असा बेत. पुरावा अपुरा म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2019 मध्ये ती मंजूर केली नाही.

टायानेप्टिनची कथा उलटी. फ्रान्समध्ये ते नैराश्यावर वर्षानुवर्षं दिलं जात होतं. त्याचा परिणाम सेरोटोनिनवर होतो, असं मानत. ते म्यूवरही काम करतं, हे 2014 मध्ये उघड झालं. अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता नाही, तरी पेट्रोल पंपालगतच्या दुकानांत त्याच्या बाटल्या विकल्या गेल्या. तिथल्या लोकांनी त्याचं नाव पाडलं 'गॅस स्टेशन हेरॉइन'.