४०३ दिसली म्हणून ७७७ नको : वेब सर्व्हरवरची फोल्डरं आणि परवानग्या

वाचनालय, मंडळ, पतसंस्था, शाळा, आता सगळ्यांच्याच वेबसाइट असतात आणि बहुतेक ठिकाणी त्या सांभाळणारा हौशी माणूस एकच असतो. स्मरणिकेचे फोटो चढवताना ‘परवानगी नाही’ असा संदेश आला, किंवा पान उघडताना ४०३ दिसली, की कुणीतरी फोनवर सांगतं, ‘‘फोल्डरला ७७७ दे, चालेल.’’ चालतंही बऱ्याचदा. पण त्यानंतर त्या सर्व्हरवरच्या ज्या खात्याला किंवा प्रोग्रामला तिथवर पोचता येतं, त्या प्रत्येकाला तुमच्या फोल्डरात फाइल ठेवायची आणि पुसायची मोकळीक मिळते.

हे तीन आकडे तीन जणांसाठी असतात. पहिला फाइलच्या मालकासाठी, दुसरा गटासाठी, तिसरा बाकी सगळ्यांसाठी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ अशी बेरीज करायची. म्हणजे ६४४ मध्ये मालक वाचतो-लिहितो आणि इतर फक्त वाचतात. ७५५ मध्ये मालकाला सगळं, इतरांना वाचणं आणि चालवणं.

फोल्डरच्या बाबतीत मात्र याच आकड्यांचा अर्थ बदलतो, आणि गोंधळ होतो तो इथेच. फोल्डरवर ‘वाचणं’ म्हणजे आतल्या फाइलींची नावं बघता येणं. ‘चालवणं’ म्हणजे उंबरठा ओलांडून आत जाता येणं. ‘लिहिणं’ म्हणजे आत नवी फाइल करणं, नाव बदलणं, पुसणं. त्यामुळे एखादी फाइल ४४४ करून ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवली, तरी तिच्या फोल्डरावर लिहिण्याची परवानगी असलेला माणूस ती पुसू शकतो. कुलूप कपाटाला हवं, नुसतं वहीला लावून भागत नाही.

साधारण नियम असा : फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४. डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या फाइलीला ६४० किंवा ६००. पण खरा प्रश्न आकड्यांच्या आधीचा आहे. मालक कोण? वेब सर्व्हर हाही एक वापरकर्ताच असतो. डेबियन आणि उबुंटूवर त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रेड हॅटच्या घराण्यात अपाचेचा वापरकर्ता ‘अपाचे’ याच नावाचा. फोटो चढत नसतील तर बहुतेक वेळा कारण इतकंच असतं, की फोल्डर तुमच्या नावावर आहे आणि लिहायला निघालाय सर्व्हर. तेव्हा फक्त अपलोडचं फोल्डर त्याच्या मालकीचं किंवा त्याच्या गटाचं करून गटाला लिहिण्याची परवानगी द्या. बाकीची साइट तुमच्याच नावावर राहू द्या. दोघंतिघं मिळून काम करत असाल तर फोल्डरला २७७५ द्या. पुढचा २ असला की आत होणारी नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते.

एवढ्याने अपलोडचं फोल्डर सुरक्षित झालं, असं मात्र नाही. तिथे सर्व्हरला लिहिता येतंच, म्हणजे एखाद्या गळक्या प्लगिनमधून बाहेरचाही पीएचपीची फाइल आत सरकवू शकतो. म्हणून त्या फोल्डरात पीएचपी चालणारच नाही, अशी सोय सर्व्हरच्या सेटिंगमध्ये करावी लागते. अपाचेवर एचटीअ‍ॅक्सेस फाइलीतूनही जमतं, पण मुख्य सेटिंगमध्ये तशी मुभा असेल तरच. एन्जिनएक्स ती फाइल बघतही नाही. फोल्डरात मुख्य पान नसेल तेव्हा अपाचेला फाइलींची यादी दाखवण्यापासूनही थांबवावं; ‘इंडेक्सेस’ हा पर्याय बंद करायचा.

बॅकअप आणि सभासदांच्या याद्या सार्वजनिक फोल्डराच्या बाहेर, एक पायरी वर ठेवा. ‘पत्ता कुणाला माहीत आहे?’ हे संरक्षण नव्हे.

आता ४०३ कडे वळू. ही चूक आली म्हणजे त्याच फाइलीचे आकडे चुकलेत असं नाही. सर्व्हरला मुळापासून शेवटपर्यंत वाटेतल्या प्रत्येक फोल्डरात शिरता यावं लागतं. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर ७५० असतं, त्यामुळे साइट तिथे ठेवली की आतलं सगळं बरोबर असूनही दार बंद. अपाचेच्या सेटिंगमध्येच त्या फोल्डराला मनाई असू शकते. रेड हॅटवर एसईलिनक्सचं लेबलही आड येतं, विशेषतः फाइली होममधून हलवून आणल्या असतील तर. ‘रिस्टोअरकॉन’ ही आज्ञा ते लेबल सुधारते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा एरर लॉग उघडून बघा, कारण बहुधा तिथे लिहिलेलं असतं.

शेअर्ड होस्टिंगवर चित्र वेगळं. तिथे पुष्कळ ठिकाणी पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालते, म्हणून अपलोडलाही ७५५ पुरतं. काही व्यवस्था तर ७७७ दिसलं की पीएचपी फाइल चालवायलाच नकार देतात आणि ५०० ची चूक दाखवतात.

आधीच सगळीकडे ७७७ दिलेलं असेल तर एकाच झटक्यात सगळ्याला ६४४ देऊ नका. फोल्डरांचा उंबरठाच बंद होईल आणि साइट पडेल. ‘फाइंड’ आज्ञेने फोल्डर वेगळी काढून त्यांना ७५५ आणि फाइली वेगळ्या काढून त्यांना ६४४ द्या. मग पासवर्डची फाइल आणि अपलोडचं फोल्डर हाताने नीट करा. आणि हे सगळं करायच्या आधी अपलोडमध्ये, फोटोंच्या गर्दीत, पीएचपीची एखादी अनोळखी फाइल बसली नाही ना, ते तपासा. बसली असेल तर आकडे बदलून भागणार नाही. स्वच्छ बॅकअपवरून साइट पुन्हा उभी करायची आणि सगळे पासवर्ड बदलायचे.