पिंगळ्याची वेळ आणि रहस्यकथेचे शेवटचे प्रकरण

रहस्यकथेत भुताला प्रवेश द्यावा, परंतु मुक्काम करू देऊ नये, असा जणू त्या वाङ्मयप्रकाराचा दंडकच आहे. आर्थर कॉनन डॉईलच्या १९०२ सालच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'मधील पिशाच्च श्वान अखेर फॉस्फरस फासलेला हाडामांसाचा कुत्रा ठरतो. अगाथा ख्रिस्तीच्या 'द पेल हॉर्स'मध्ये (१९६१) खेड्यातल्या जुन्या सराईत राहणाऱ्या तीन स्त्रिया मंत्रबळाने दूरस्थ माणसांचे प्राण घेतात, अशी वदंता असते. उलगडा होतो तो थॅलियम या विषाचा. वाचकाला भीतीही हवी असते आणि सुखाची झोपही!

मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून हा करार निष्ठेने पाळला. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड यांना नाके मुरडणाऱ्या विद्वानांनी मराठी माणसाला वाचनाची गोडी कोणी लावली, याचाही विचार करावा. नारायण धारपांनी (१९२५–२००८) मात्र करार मोडला. त्यांनी अमानवी शक्ती खरीच मानली आणि तिच्यासमोर 'समर्थ' उभा केला.

तिसरी वाट आपल्या सीमाभागातून निघाली. निपाणीच्या पूर्वेस, चिकोडी तालुक्यातील एकसंबे येथे १९२३ साली जन्मलेले आणि बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी हे रहस्यकथाकार नव्हेत, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि त्यांच्या दोन संग्रहांची नावे पाहावीत: 'सांजशकुन' (१९७५) आणि 'पिंगळावेळ' (१९७७). एक दिवस मावळतानाचे, दुसरे तो उगवण्यापूर्वीचे. उजाडण्याआधी हाती कंदील घेऊन कुडमुडे वाजवीत दारी येणारा पिंगळा या मुलखाला नवा नाही. पिंगळा पक्ष्याची भाषा आपल्याला कळते, असे तो सांगतो आणि घराचे भविष्य उच्चारून पुढच्या दारी जातो. त्याला पुरावा कोणी मागत नाही. गोमंतकात गावची सीव राखणाऱ्या देवचारालाही कोणी मागितलेला नाही.

जी. एं.च्या कथेत गुन्हेगार शोधावा, तर बोट नियतीकडे वळते. आणि नियतीला पकडून आणील असा गुप्तहेर त्यांनी निर्माण केला नाही. ख्रिस्ती शेवटच्या प्रकरणात दिवा लावते. जी. ए. पिंगळ्याचा कंदील वाड्याच्या वळणावर दिसेनासा होऊ देतात, आणि आत जागे झालेले माणूस अंथरुणावर बसून राहते.