धुक्यातल्या दोन नायिका

रहस्यपट चालतो तो नायिकेच्या चेहऱ्यावर प्रेक्षकाने टाकलेल्या विश्वासावर. इटलीत १९२९ पासून मोंदादोरी प्रकाशनाच्या रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात निघत; त्यामुळे या प्रकाराला ‘जाल्लो’, म्हणजे ‘पिवळा’, हेच नाव पडले. १९६३ साली मारिओ बाव्हाने तो पडद्यावर आणला. आपल्याकडे त्याच दशकात हा विश्वास पणाला लावला तो एका मराठी अभिनेत्रीने.

मास्टर विनायकांच्या कन्या नंदा यांचा जन्म १९३९ चा. १९४७ साली वडील गेले आणि कोवळ्या वयात ‘बेबी नंदा’ला कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले. ‘छोटी बहन’ (१९५९) पासून त्या साऱ्या देशाच्या धाकट्या बहीण झाल्या. राजा नवाथे दिग्दर्शित ‘गुमनाम’ (१९६५) मध्ये त्या भेदरलेली नायिका होत्या. यश चोप्रांच्या ‘इत्तेफाक’ (१९६९) मध्ये मात्र तीच सोज्ज्वळ मुद्रा गुन्हेगाराची निघाली. चित्रपटात एकही गाणे नव्हते. प्रेक्षक फसला, कारण त्या चेहऱ्यावर संशय घेणे त्याला ठाऊकच नव्हते.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. ‘इत्तेफाक’ बेतला होता ‘धुम्मस’ या प्रवीण जोशींच्या गुजराती नाटकावर. त्याचे मूळ मॉन्टी डॉइल यांच्या इंग्रजी नाटकात. धुम्मस म्हणजे धुके, हे वडोदऱ्याच्या वाचकाला सांगायला नको. त्या नाटकात होत्या सरिता जोशी. माहेरच्या भोसले, जन्म पुण्याचा, बालपण आपल्या वडोदऱ्यातले. त्यांच्या वडील भगिनी पद्माराणी याही गुजराती रंगभूमीच्या मोठ्या अभिनेत्री झाल्या.

म्हणजे एक मराठी मुलगी गुजरातीतून, दुसरी हिंदीतून, एकाच कथेपाशी येऊन पोहोचली. चित्रपट टिकतो, नाटकाचा प्रयोग पडद्याबरोबर संपतो. म्हणून नंदा आठवतात आणि ‘धुम्मस’ विस्मरणात जाते. सरिताबाईंना २०२० साली पद्मश्री मिळाली, तेव्हाही त्या मूळच्या मराठी, हे आपल्यातल्या किती घरांत सांगितले गेले?

आमच्या गोरव्यात मुले घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलतात. दोन भाषांत वाढणे म्हणजे एक गमावणे, अशी पालकांना धास्ती असते. त्यांनी सरिताबाईंचे उदाहरण मुलांपुढे जरूर ठेवावे. दुसऱ्या भाषेने त्यांना परके केले नाही. उभे राहायला रंगमंच दिला. परके केले असेल, तर ते आपल्या विस्मरणाने.