दुर्बिणीतल्या पाण्याची कुळकथा

वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी मूत्रमार्गातून नळी घालून विजेच्या तारेच्या कडीने खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रियेला जळगाव-धुळ्याकडेही ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’च म्हणतात, मात्र त्या दुर्बिणीला दिसते ते आत सतत सोडलेल्या द्रवामुळे, आणि ‘टीयूआर सिंड्रोम’ या गुंतागुंतीचे मूळ त्या द्रवातच आहे.

मॅक्सिमिलियन स्टर्न यांचे 1926 मधील उपकरण 1932 मध्ये जोसेफ मॅकार्थी यांनी सुधारले, तेव्हा द्रव म्हणून निर्जंतुक पाणी वापरीत, कारण ते नितळ असते आणि विजेला वाट देत नाही. कापलेल्या शिरांतून हे पाणी रक्तात शिरले की तांबड्या पेशी फुगून फुटतात व मूत्रपिंडांना इजा होते, हे 1947 मध्ये क्रीव्ही यांनी दाखवले. मिठाच्या पाण्याने पेशी वाचल्या असत्या, पण त्यात वीज पसरून कडी कापेनाशी होते. म्हणून 1948 मध्ये नेस्बिट आणि ग्लिकमन यांनी ग्लायसिन या अमिनो आम्लाचे द्रावण पुढे आणले. पेशी फुटणे थांबले, तरी शोषला जाणारा द्रव थांबला नाही. रक्तातील सोडियम त्याने पातळ होते व त्यातूनच टीयूआर सिंड्रोम उद्भवतो, ही उकल 1956 मध्ये हॅरिसन व सहकाऱ्यांनी मांडली. शिवाय दृष्टिपटलातील संदेश दाबणारे ग्लायसिन काही काळ अंधत्वही आणू शकते.

कमरेखालचा भागच बधिर केलेला रुग्ण बोलता असतो, आणि हेच या सिंड्रोमच्या निदानाचे सर्वांत स्वस्त साधन: जांभया, अस्वस्थता, मळमळ, धूसर दिसणे, असंबद्ध बोलणे. पूर्ण भूल दिल्यास ही लक्षणे झाकली जातात. उपाय न झाल्यास पुढे झटके व बेशुद्धी येऊ शकते. द्रवाची पिशवी जितकी उंच टांगावी तितका दाब अधिक, हे केळीच्या बागेला टाकीतून ठिबकने पाणी देणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच पिशवी सुमारे 60 सेंटिमीटरवर आणि कापणी तासाभरात, असा दंडक पडला.

लक्षणे दिसताच रक्तस्राव थांबवून शस्त्रक्रिया आवरती घेतात, प्राणवायू देतात, सोडियम तपासतात आणि अंगात द्रव साचला असल्यास फ्युरोसेमाइड हे मूत्रल देतात. झटके आल्यास 3 टक्के मिठाचे द्रावण बेताने देतात, कारण सोडियम घाईने चढवल्यास मेंदूतील चेतातंतूंचे आवरण नष्ट होऊ शकते.

दोन्ही ध्रुव कडीपाशीच असणाऱ्या बायपोलर उपकरणामुळे अखेर मिठाचे पाणीच वापरता आले आणि सोडियम उतरण्याचा धोका जवळपास संपला. मात्र तेही अति शोषले गेले की हृदयावर भार पडून फुप्फुसात पाणी साचते, त्यामुळे आत सोडलेल्या आणि परत आलेल्या द्रवाचा हिशेब आजही ठेवावाच लागतो.